सोडलेली पाथरी

पहिले दोन घास नकळत गेले. तिसरा मात्र राजेश्वरीने ओळखून घेतला. भोगीचा दिवस होता. समोरच्या फ्लॅटमधल्या ज्योतीने सवाष्ण म्हणून तिला जेवायला बसवलं होतं. ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा आणि शेजारी भोगीची भाजी, म्हणजे वांगं, गाजर, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे सोलाणे असं सगळं एकात शिजवलेलं. दुसरा घास चावताना दाढेखाली काहीतरी कच्चं, कोवळं आलं आणि जिभेच्या कडांना तो कडवटपणा चढला. दुधाळ, ओल्या मातीच्या वासाचा, घशाशी गेल्यावर उगाच गोड लागणारा. राजेश्वरीचा जबडा थांबला. "काकू, कशी झालीय?" ज्योती वाढता वाढता म्हणाली, "वरून पाथरी चिरून घातलीय हं, कच्चीच. रानभाज्यांच्या प्रदर्शनात त्या बायांनी सांगितलं होतं. आमच्या ह्यांना नाही आवडली. म्हणाले, भोगीला मला चाराही खाऊ घालणार का? तुमच्या पाथर्डीकडे खातात ना ही?" राजेश्वरी म्हणाली, "खातात." त्या एका शब्दाइतका वेळ तिच्या हाताशी होता. हात ताटाकडेला टेकवून, बाई गं, मला ही चालत नाही, एवढं म्हणायला तो पुष्कळ होता. तिचे सोमवार, गुरुवार, एकादश्या साऱ्या बिल्डिंगला ठाऊक होत्या. ज्योतीने हळहळून ताटच बदललं असतं. पण हात थांबला नाही. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीतला नेमका हिरवा भाग पाहून उचलला आणि तोंडात घातला. मग ताट रिकामं होईपर्यंत ती जेवली आणि मनाशी म्हणत राहिली, सवाष्णीने पानात टाकू नये. पण हे म्हणणं सुचलं ते घास गेल्यावर.

घरी आली तेव्हा तिचे यजमान, आसाराम, खिडकीशी खुर्चीत होते, ती बसवून गेली होती तसेच. उजवा हात कुणी दुसऱ्याची वस्तू आणून ठेवावी तसा मांडीवर. पूर्वी चपला काढायच्या आत 'कुठं होतीस' असं यायचं आणि त्याला जे उत्तर द्यावं ते चुकीचं ठरायचं. आता फक्त मान वळली. "ज्योतीकडं गेले होते, सवाष्ण म्हणून," ती म्हणाली आणि न्हाणीत जाऊन चूळ भरली. पुन्हा भरली. चव जाईना. तिसऱ्या चुळीला तिच्या लक्षात आलं की आपण पाणी जिभेला लागू न देता गालातल्या गालात फिरवतोय. चव जाऊ नये म्हणून. तेव्हा मात्र तिने नळ बंद केला.

नेमाचं हे सहावं वर्ष होतं. आसाराम नगरच्या माळीवाड्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कंट्रोलच्या खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारत. शेवगाव, नेवासा, पाथर्डी, पैठण. आवाज असा की स्टँडबाहेरचा रसवंतीवालाही त्यांच्या पुकाऱ्यावर घड्याळ लावी. तो आवाज एका दुपारी माईकसमोरच अर्ध्यावर थांबला. लोकांना वाटलं वीज गेली. अर्धांगाचा झटका होता. दवाखान्यातून जीव परत आला, डावी बाजू परत आली, समज आली. वाचा आली नाही. त्या नवरात्रात राजेश्वरी मोहट्याच्या देवीला गेली होती. नवस बोलायला उभी राहिली आणि काय सोडावं हेच तिला कळेना. गोडधोड तिला नव्हतंच प्रिय. दागिन्यांची हौस कधी लागली नव्हती. आपल्याला मनापासून आवडतं तरी काय, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, तो देवीपुढे उभी असताना तिनेच स्वतःला विचारला, आणि मागे रांगेतल्या बाया ढकलत असताना उत्तर आलं ते पाथरी. तिला लाज वाटली. शेळ्या खातात, खुरपणाऱ्या बाया खातात, बांधावर आपसूक उगवते. देवीला काय सांगायचं? पण तिची आई म्हणायची, देवीला वस्तूचं मोल कळत नाही, ओढ कळते. म्हणून तिने पाथरी सोडली. त्यांना वाचा फुटेपर्यंत.

आईचे नेमाचे कायदे तिला पाठ होते. नेम ज्याच्यासाठी धरला त्याला सांगायचा नाही, सांगितला की सुटला. आणि चुकून मोडलाच तर त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत देवापुढे बसायचं, तळहातावर पळीभर पाणी घ्यायचं, मागचं चुकलं, पुढचं धरते, असं म्हणून ते ताम्हनात सोडायचं. दिवा लागला की मग नाही. मग तो नेम आपण होऊन सोडला असं देव समजतो. म्हणजे काम होतं पळीभर पाण्याचं. देवघर तिथेच, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. दुपारचे तीनही वाजले नव्हते. राजेश्वरीने तीळ निवडायला घेतले.

तीळ निवडून झाले, भाजून झाले. गूळ चिरायचा म्हणून पाटा धुतला. लष्कराच्या तोफांच्या सरावाचा आवाज आला, खिडकीची काच थरथरली, आसारामांनी डोळे मिटून उघडले. खिडकीखालच्या मोकळ्या प्लॉटवर पाइपलाइन फुटली होती, त्या ओलीवर पाथरी माजली होती आणि फुलली होती. पिवळी, चवलीच्या नाण्याएवढी फुलं, उंच बारीक दांड्यांवर. सकाळी उघडायची आणि ऊन चढलं की मिटून जायची. दुपारी पाहणाऱ्याला तिथे फुलं आहेत हे सांगूनही खरं वाटलं नसतं. फुलावर आली की पाथरी कोणी खात नाही, पाला निबर होतो, कडू होतो. म्हणून त्या प्लॉटकडे बघायला हरकत नाही असं तिने कधीतरी ठरवलं होतं आणि ती रोज सकाळी बघत असे. नेम धरला म्हणजे जीभ बांधली, डोळे कुठे बांधले? आता पाट्यावरचा गूळ चिरताना तिला वाटलं, ह्या पळवाटा आपण केव्हापासून काढून ठेवल्यात.

लग्न झालं त्या साली ज्वारी माणसाच्या वर गेली होती. डोंगराखालचं त्यांचं रान, काळी माती, खुरपताना जमिनीला चिकटून बसलेली पाथरीची चक्रं दिसायची, करवतीसारख्या कडांची पानं. ती मुळाशी खुडायची, पदराच्या ओट्यात टाकायची. चिकाचं दूध बोटांना लागून संध्याकाळपर्यंत बोटं काळी पडायची आणि सासू म्हणायची, हिच्या बोटावरून कळतं, ही खुरपती कमी आन खाती जास्त. एकदा आसाराम स्टँडवरून रजेवर आले होते. दुपारी भाकरी घेऊन थेट रानात आले. बांधावर बसून त्यांनी पाथरीची पानं आपल्या पांढऱ्या सदऱ्याला पुसली, तेलमिठात बुडवली आणि आजूबाजूला कुणी नाही बघून एक घास तिच्या तोंडात घातला. सदऱ्यावर डाग पडला. तो कधी निघाला नाही. असा माणूस. आणि हाच माणूस, ती नगरला राहायला आली त्या पहिल्या हिवाळ्यात, ती डबा घेऊन कंट्रोलच्या खिडकीशी उभी असताना, डब्याचं झाकण उघडून आतली पाथरी चार कंडक्टरांना दाखवत म्हणाला होता, "बघा, आमच्या घरी शेळी बांधलीय. स्वतः खाती ती खाती, मलापण घालती." सगळे हसले. हसता हसता त्यांचा अंगठा माईकच्या बटणावर पडला होता की काय कोण जाणे, पण फलाटावरची दोनचार माणसंही वळून बघायला लागली होती. रात्रीच्या जेवणात आसारामांनी तीच पाथरी मिटक्या मारत खाल्ली. त्यांच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं.

मारहाण कधी केली नाही त्यांनी. ते ती नेहमी स्वतःला सांगायची, दुसऱ्यांनाही सांगायची. फक्त बोलायचे. आणि तिला बोलू द्यायचे नाहीत. तिचं कुठलंही वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचत नसे. लेकीबद्दल 'आज दिशाच्या शाळेत' एवढं म्हटलं की पुढचं ते म्हणायचे, आणि ते वेगळंच असायचं. पुढे पुढे ती सुरुवातच करेनाशी झाली. जपसुद्धा ओठांच्या आत. पुटपुटण्याने त्यांचं डोकं उठायचं. मग वाचा गेली आणि घरात एक मोठी मोकळी जागा झाली, कपाट हलवल्यावर भिंतीवर दिसते तशी. पहिले काही महिने ती त्या जागेभोवतीनं चालायची. एक दिवस पोथी वाचताना तिच्या लक्षात आलं की आपण मोठ्याने वाचतोय. आसाराम ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तिने अध्यायाचा अर्थही सांगितला. मग भाजीवाल्याचं सांगितलं, दिशाचं सांगितलं, पाणी एक दिवसाआड येतं त्याचं सांगितलं. वाक्यं सुरू व्हायची आणि संपायची. कुणी मध्ये येत नव्हतं. आणि ती रोज सकाळी आंघोळ करून, ओलेत्याने, देवीला म्हणत होती, ह्यांना वाचा दे.

फोन वाजला. कडूबाई, थोरली जाऊ, गावाकडून. "राजे, भोगी केली का गं? पिशी भेटली न्हवं का कालची? पाथरी लई कवळी हाय, फुलाच्या आधीचीच खुडली. भाऊजीला बारीक चिरून दे."

"भेटली, आक्का. निवडून ओल्या फडक्यात ठेवलीय."

"आन तू खाती का न्हाई? का आपली नगरची झाली म्हनून लाजती?"

राजेश्वरीने फोन दुसऱ्या कानाला लावला. दर हिवाळ्यात जाऊ पिशवी पाठवायची आणि दर हिवाळ्यात ती निवडायची, धुवायची, चिरायची, आसारामांना भरवायची आणि बोटांचा काळा चीक राखेने घासून काढायची. खाण्याचं तेवढं राहायचं.

"भाऊजी बोलले का काई?" जाऊने विचारलं. हे ती दरवेळी विचारायची.

"अजून नाही. दिशानं पुण्याची बाई लावलीय मोबाईलवर, शब्द शिकवायला. ती म्हणती, जवळ आलेत. ओठ बरोबर हलतात म्हणं."

"येतील गं, येतील. आन आले म्हंजी बघ, पयली तुझीच हजेरी घेतील." कडूबाई खळखळून हसली. "तवर घे सुख करून."

ती सहज बोलली होती. कडूबाई सगळंच सहज बोलायची. पण फोन ठेवल्यावर राजेश्वरी ओट्याशी उभी राहिली ती राहिलीच. ते बोलणं म्हणजे कुणीतरी येऊन तिच्याच घरातली, तिनेच झाकून ठेवलेली वस्तू हातात घेऊन दाखवावी तसं होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्या पुण्याच्या बाईने स्क्रीनवरून 'बोलायच्या अगदी उंबऱ्यावर आहेत' असं सांगितलं तेव्हा दिशा रडली होती. राजेश्वरीही रडली. दोघी एकाच गोष्टीसाठी रडतायत असं दिशाला वाटलं. त्या दिवसापासून आसाराम 'प' साठी ओठ मिटायचे आणि ती मनातल्या मनात, नको, असं म्हणायची. म्हणायची नाही, म्हटलं जायचं. आणि सकाळी पुन्हा ओलेत्याने, वाचा दे. एकाच तोंडाने दोन्ही. देवीने कुठलं ऐकायचं? तिला एकदम फार थकायला झालं. हा थकवा आजचा नव्हता, सेवेचाही नव्हता. उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, त्याने पाठ दुखते, माणूस थकत नाही. माणूस थकतो ते रोज एक मागायचं आणि दुसरं मिळावं म्हणून धडपडायचं, ह्याने. तिसरा घास तिने खाल्ला तो भूक लागली म्हणून खाल्ला. सहा वर्षांची भूक. पण त्यात आणखी काहीतरी होतं, आणि ते पाथरीचं नव्हतं.

उन्हं प्लॉटवरून सरकली. समोरच्या बिल्डिंगच्या टाक्या आधी तांबड्या, मग काळ्या झाल्या. खाली कुणीतरी गाडी पुसत होतं, मोबाईलवर गाणं लावून. राजेश्वरीने हातपाय धुतले, पदर सारखा केला आणि देवघरापुढे बसली. पळी ताम्हनात आडवी होती. पाणी भरलेलं होतं. तिने वात सारखी केली, तेल घातलं, जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावला. पळीभर पाणी. मागचं चुकलं म्हणायला काहीच हरकत नव्हती. पुढचं धरते, हे म्हणताना खोटं बोलावं लागणार होतं, आणि देवीशी खोटं बोलायचं म्हणजे ते देवीलाही माहीत, आपल्यालाही माहीत. तिने काडी ओढली. दिवा लागला. हात जोडले तेव्हा तिला मागण्यासारखं काही सुचेना. सहा वर्षांत पहिल्यांदा ती देवापुढे नुसती बसली.

मग तिने दोन ताटं केली. एरवी त्यांचं आधी व्हायचं, तिचं नंतर, ओट्याशी उभ्या उभ्या. आज तिने खिडकीपाशी टेबल ओढलं. त्यांच्या ताटात भाकरी दुधात कुस्करून, शेजारी पाथरी बारीक चिरून, शेंगदाण्याचं कूट आणि तेल घालून. आपल्या ताटात अख्खी पानं, मिठाची चिमूट. आसारामांनी डाव्या हातात चमचा धरला, तिच्या ताटाकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. त्यांनी पाहिलं होतं म्हणजे. सहा हिवाळे ही निवडते, चिरते, भरवते आणि खात नाही, हे त्यांच्या ध्यानात होतं. हे तिने कधी धरलंच नव्हतं हिशेबात.

"अहो, एक सांगायचंय," ती म्हणाली. आवाज नेहमीचा, मऊ. "तुमची वाचा गेली तेव्हा मी मोहट्याला जाऊन पाथरी सोडली होती. तुम्ही बोलाल तोवर खाणार नव्हते. आज ज्योतीकडं खाल्ली. आधी चुकून, मग जाणून. दिवा लावायच्या आत पाणी सोडून परत धरता आली असती. धरली नाही."

आसाराम बघत होते.

"का धरली नाही तेपण सांगते. मला भीती वाटती. तुम्ही बोलायला लागाल त्याची. तुम्ही बरं व्हावं, चालावं, हाताने जेवावं, सगळं वाटतं मला. पण इतकी वर्षं ह्या घरात माझं बोलणं कुणी तोडलं नाही, आणि आता जर"

"गप."

स्वच्छ शब्द. बोबडा नाही, ओढलेला नाही. माईकवरून यावा तसा. राजेश्वरीचं तोंड मिटलं. तिने मिटलं नाही, ते आपण होऊन मिटलं, जुन्या सवयीने, नळ बंद व्हावा तसं. दिलंस देवी, तिच्या मनात आलं. सोडलं त्याच दिवशी दिलंस, मला न विचारता. आणि मनातलं ते ओळखीचं 'नको' आता येईल म्हणून ती वाट बघत राहिली. ते आलं नाही. तिने मान वर केली तर आसारामांचा चेहरा तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. भुवया कपाळात गेलेल्या, तोंड उघडं, डावा हात हवेत नाही-नाही असा हलतोय. त्यांनी पुन्हा ओठ जुळवले, जोर लावला, मानेच्या शिरा वर आल्या. "गप." डोकं जोरजोरात हललं. "गप. गप." अंधारात रांजणात हात घालावा आणि दरवेळी तीच एक वस्तू हाताला यावी, असं काहीतरी त्यांचं चाललं होतं. त्यांना हे म्हणायचं नव्हतं. की हेच म्हणायचं होतं आणि पुढे आणखी काही? कळायला मार्ग नव्हता. जो शब्द ह्या दारातून सगळ्यात जास्त वेळा ये-जा करत होता, तो आधी बाहेर आला होता. बाकीचे आत कुठेतरी असतील, नसतील. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एरवी तिने पटकन पदराने टिपलं असतं. आज टिपलं नाही. ज्याचं त्याला वाहू दिलं.

फोन वाजायला लागला. दिशा असणार, ह्या वेळी तीच. पप्पा बोलले, असं सांगितलं की ती तिकडे पुण्यात नाचेल, काय बोलले विचारेल, आणि मग तेही सांगावं लागेल. सांगता येईल. सावकाश सांगता येईल. राजेश्वरीने फोन वाजू दिला. तिने आसारामांचा हवेतला हात मनगटाशी धरला आणि हळूच टेबलावर आणून ठेवला. तो शांत होईपर्यंत तिने आपला हात त्यावरून काढला नाही.

"कळलं मला," ती म्हणाली. "उद्या दुसरा शब्द बघू. आज माझं राहिलंय अजून."

तिने पाथरीचं एक पान मिठाला लावून तोंडात घातलं, घाई न करता चावलं, गिळलं. आसाराम तोंड मिटून तिच्याकडे बघत राहिले.

"तर, आता जर तुम्ही परत पहिल्यासारखे बोलायला लागलात," ती म्हणाली. वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच तिने ते उचललं होतं, आणि ते संपेपर्यंत ती बोलत राहिली.